सिग्नल आपोआप लाल होतो, मग गाडी आपोआप का थांबू नये?

माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार, यांस



२९ ऑक्टोबर २०२३ च्या संध्याकाळी आंध्र प्रदेशात विजयनगरमजवळ, कंटकापल्ली आणि अलमंडा या स्थानकांच्या दरम्यान, एका पॅसेंजर गाडीने पुढच्या पॅसेंजरला मागून धडक दिली. १७ जून २०२४ च्या सकाळी पश्चिम बंगालमध्ये रंगापानीजवळ एक मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी छत्तीसगडमध्ये बिलासपूरच्या तोंडाशी आलेली मेमू गाडी पुढच्या मालगाडीवर मागून चढली. या तीन अपघातांत मिळून किमान ३५ माणसे गेली. प्रत्येक वेळी चौकशी झाली आणि बातम्यांचा रोख बहुतेक लोको पायलटकडेच राहिला. पण तिन्ही ठिकाणच्या तीन गोष्टी सारख्या होत्या, आणि त्यांच्याकडे एकत्र पाहिले गेले नाही. धडक मागून बसली होती, मार्गावर स्वयंचलित सिग्नल होते, आणि मागच्या गाडीला लाल सिग्नलपाशी अडवणारे कोणतेही यंत्र तिथे नव्हते. म्हणून आपल्याकडे एकच मागणी आहे. ज्या मार्गांवर स्वयंचलित सिग्नल आहेत, त्या सगळ्या मार्गांवर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा सर्वांत आधी बसवावी, आणि यापुढे अशा यंत्रणेवाचून एकाही नव्या मार्गावर स्वयंचलित सिग्नल सुरू करू नयेत.

ही मागणी समजण्यासाठी सिग्नलच्या दोन पद्धतींतला फरक पाहावा लागेल. जुन्या पद्धतीत दोन स्थानकांच्या मधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असते. पुढच्या स्टेशन मास्तरने गाडी घेतो असे कळवल्याशिवाय मागचा मास्तर गाडी सोडू शकत नाही. या पद्धतीत गाड्या कमी धावतात, पण दोन गाड्यांच्या मध्ये आठ-दहा किलोमीटरचे मोकळे अंतर राहते. स्वयंचलित पद्धतीत तेच अंतर साधारण एकेका किलोमीटरच्या तुकड्यांत वाटलेले असते. ट्रॅक सर्किट किंवा अॅक्सल काउंटर गाडीची जागा ओळखतात आणि तिच्या मागचा सिग्नल माणसाच्या हाताशिवाय लाल होतो, मग पिवळा, दोन पिवळे आणि हिरवा. त्याच रुळावरून दुप्पट-तिप्पट गाड्या सोडता येतात. आजच्या गर्दीच्या रेल्वेला याची गरज आहे, यात शंका नाही. मात्र या पद्धतीत लाल दिव्याचा अर्थच बदलतो. जुन्या पद्धतीत चुकून लाल ओलांडला तरी पुष्कळदा पुढे मोकळा रूळ मिळे. स्वयंचलित मार्गावर लाल दिव्यापलीकडच्या किलोमीटरभरात दुसरी गाडी असण्याचीच शक्यता सर्वांत जास्त असते, कारण ती तिथे आहे म्हणूनच तो दिवा लाल झालेला असतो. चूक पोटात घालणारे अंतर आपण काढून घेतले, आणि त्याच्या जागी काय ठेवले, तर लोको पायलटची नजर. ताशी १३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर पुढे सरकते आणि ब्रेक लावल्यापासून पूर्ण थांबायला तिला सुमारे किलोमीटरभर रूळ लागतो. अशा वेळी त्या नजरेला चुकायला किती जागा उरते, याचा हिशेब अवघड नाही.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्याला पडलेला नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी ज्यांनी शहरातल्या रेल्वेवर स्वयंचलित सिग्नल लावले, त्यांनी त्याच दिवशी त्याचे उत्तरही शेजारी बसवले होते. १९०१ मध्ये बोस्टनची उन्नत रेल्वे सुरू झाली, १९०४ मध्ये न्यूयॉर्कचा भुयारी मार्ग, आणि १९०५ च्या सुमारास लंडनच्या डिस्ट्रिक्ट रेल्वेचे विद्युतीकरण झाले. या तिन्ही ठिकाणी सिग्नलपाशी रुळाच्या कडेला एक लोखंडी दांडा बसवलेला होता. सिग्नल लाल असला की तो दांडा उभा राहतो, हिरवा झाला की आडवा होतो. गाडीच्या खाली, नेमक्या त्या रेषेत, ब्रेकच्या हवेच्या नळीवर एक झडप असते आणि तिला खाली लोंबणारा खटका असतो. लाल सिग्नल ओलांडणाऱ्या गाडीचा खटका उभ्या दांड्याला लागतो, झडप उघडते, नळीतली हवा निघून जाते आणि सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम लागतात. चालक झोपला आहे, आजारी पडला आहे, त्याचे लक्ष दुसरीकडे आहे की तो जागेवरच गेला आहे, याच्याशी त्या दांड्याला काही देणेघेणे नसते. थांबलेली गाडी पुन्हा चालू करायची तर झडप पूर्ववत करावी लागते, म्हणजे घडलेली गोष्ट लपवताही येत नाही.

या साध्या वस्तूच्या रचनेतला एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. लंडनच्या भुयारी रेल्वेत दांडा खाली पाडायला दाबाखालची हवा लागते, वर उभा राहायला मात्र काहीच लागत नाही, ते काम स्प्रिंग करते. हवेची नळी फुटली, वीज गेली, तार तुटली, तर दांडा आपसूक उभा राहतो आणि गाडी थांबते. बिघाड झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूने झाला पाहिजे, हे तत्त्व रेल्वेच्या अभियंत्यांनी इतक्या लवकर आणि इतक्या निखळपणे लोखंडात उतरवले होते. पुढे याच दांड्याकडून वेगावर लक्ष ठेवण्याचे कामही करून घेतले गेले. गाडी ठरावीक अंतर कापायला पुरेसा वेळ घेते आहे असे दिसले तरच दांडा खाली जातो, नाहीतर उभाच राहतो. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी लंडनच्या मूरगेट स्थानकात एक गाडी शेवटच्या फलाटावर न थांबता भिंतीवर गेली आणि ४३ जण मरण पावले. त्यानंतर मार्ग जिथे संपतो अशा स्थानकांत हीच वेळ मोजणारी युक्ती लावण्यात आली. दांडा असला की सगळे निभावते असेही नाही. ५ जून १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एका गाडीने लाल सिग्नल ओलांडला, दांड्याने आपले काम चोख केले, ब्रेक लागले, आणि तरीही ती पुढच्या गाडीवर आदळून तिचा चालक ठार झाला. सिग्नलांमधली अंतरे १९१८ च्या गाड्यांचे वजन आणि वेग धरून आखलेली होती, आणि मधल्या काळात गाड्या बदलल्या होत्या. थांबवणारे यंत्र आणि थांबायला लागणारे अंतर यांचा मेळ पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. आपल्याकडे वेग १३० वरून १६० वर नेण्याची तयारी चालू आहे, म्हणून हा दाखला विशेष महत्त्वाचा आहे.

आता आपल्या देशाकडे येऊ. भारतातले पहिले स्वयंचलित रंगीत दिव्यांचे सिग्नल १९२८ मध्ये मुंबईत लागले, तेव्हाच्या व्हिक्टोरिया टर्मिनस ते भायखळा या टप्प्यात. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये तोवर दांडा नित्याचा झाला होता, तरी मुंबईत सिग्नल आले आणि दांडा आला नाही. मुंबईच्या उपनगरी मार्गांना गाडी थांबवणारी यंत्रणा मिळण्यासाठी विसाव्या शतकाची अखेरची दोन दशके उजाडावी लागली. मोटरमन जिला एडब्ल्यूएस म्हणतात, ती ही यंत्रणा. तिच्यात लोखंडी दांड्याच्या जागी रुळाजवळचे चुंबक असते. सिग्नलचा रंग त्याच्यामार्फत गाडीतल्या यंत्राला कळतो, पिवळ्या दिव्यांवर वेगाला मर्यादा येते, आणि लाल ओलांडला की ब्रेक लागतात. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गांवर अवघ्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने लोकल धावतात आणि रोज सत्तर लाखांहून अधिक लोक त्यांतून जातात. पावसाळ्यात सिग्नल धूसर होतात, रुळांवर पाणी येते, मोटरमन एका फेरीत शेकडो सिग्नल पाहतो. एवढ्या दाटीत ही यंत्रणा काम करू शकते हे आपल्याच रेल्वेने दाखवून दिले आहे. भारतीय परिस्थितीत अशी यंत्रणा टिकत नाही, असे कोणी म्हणाले तर त्याला चर्चगेटला नेऊन उभे करावे. पूर्व भारतातल्या मुख्य मार्गावर अशीच यंत्रणा बसवण्याचा प्रयत्न रुळांजवळची चुंबके चोरीला गेल्यामुळे फसला, ही गोष्ट खरी आहे. पण तो राखणीतला दोष होता, आणि त्यानंतर दशकानुदशके ते काम सोडून देणे हे त्या चोरीपेक्षा महाग पडले.

यावर एक उत्तर नेहमी ऐकू येते, की लोको पायलटला सावध करणारी साधने इंजिनात आहेतच. आहेत, पण सावध करणे आणि थांबवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या इंजिनांतले दक्षता यंत्र मिनिटभर काही हालचाल झाली नाही तर दिवा आणि आवाजाने इशारा देते, आणि तरीही प्रतिसाद मिळाला नाही तर ब्रेक लावते. चालक जागा आहे की नाही एवढेच त्या यंत्राला कळते. समोरचा सिग्नल लाल आहे की हिरवा, हे त्याला मुळीच कळत नाही. ब्रिटनने या फरकाची फार मोठी किंमत मोजली. ८ ऑक्टोबर १९५२ रोजी हॅरो अँड वील्डस्टोन इथे तीन गाड्यांच्या टकरीत ११२ जण मेले, तेव्हा तिथे इशारा देणारी यंत्रणा देशभर बसवण्याचे ठरले. धोक्याचा सिग्नल जवळ आला की भोंगा वाजायचा, चालकाने बटण दाबले की तो बंद व्हायचा, आणि ब्रेक लावणे पुन्हा चालकाच्याच हाती राहायचे. वर्दळीच्या मार्गावर चालक दिवसभर पिवळे सिग्नल पाहत असतो, प्रत्येकावर भोंगा वाजतो आणि प्रत्येक वेळी हात बटणाकडे जातो. हळूहळू बटण दाबणे आणि सिग्नल पाहणे यांची फारकत होते. ५ ऑक्टोबर १९९९ रोजी लंडनच्या पॅडिंग्टनजवळ लॅडब्रोक ग्रोव्ह इथे असेच झाले. चालकाने लाल सिग्नल ओलांडला, समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली आणि ३१ माणसे गेली. तोच सिग्नल आधीच्या सहा वर्षांत आठ वेळा वेगवेगळ्या गाड्यांनी ओलांडलेला होता. एकच सिग्नल आठ वेळा चुकतो, तेव्हा आठ चालकांना दोष देऊन भागत नाही.

शिस्तीचा मुद्दा इथेच घ्यायला हवा, कारण आपल्या व्यवस्थेचा पहिला प्रतिसाद तोच असतो. लाल सिग्नल ओलांडणाऱ्याला आपल्याकडे नोकरीतून काढण्यापर्यंतची शिक्षा आहे. लोको पायलटला आपली चूक जिवावर बेतू शकते हेही पक्के ठाऊक असते, कारण धडक बसते तेव्हा सगळ्यांत पुढे तोच असतो. रंगापानीत मालगाडीचा लोको पायलट मेला, बिलासपूरला मेमूचाही मेला. ज्या माणसाला मरणाची भीती सिग्नलपाशी थांबवू शकली नाही, त्याला बडतर्फीची भीती थांबवील, असे मानण्याला काही आधार नाही. त्याने सिग्नल पाहून मुद्दाम ओलांडलेला नसतो. त्याने तो पाहिलेला नसतो, चुकीच्या मार्गाचा पाहिलेला असतो, किंवा पाहून क्षणात विसरलेला असतो. सलग रात्रपाळ्या, लांबलेली ड्यूटी, धुके, वळणामागे लपलेला सिग्नल, शेजारच्या मार्गाचा हिरवा दिवा, या सगळ्यांवर काम करायलाच हवे आणि शिक्षेने त्यांतले काहीच सुधारत नाही. शिक्षेच्या भीतीने झालेली चूक दडवली मात्र जाते, आणि ज्या सिग्नलवर पुन्हा पुन्हा चूक होते तो कोणता, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. यंत्र आले की चालक निष्काळजी होतील, ही भीतीही मला पटत नाही. आपोआप ब्रेक लागून थांबलेली गाडी म्हणजे नोंद, जबाब आणि चौकशी. ते ओढवून घेण्याची इच्छा कोणत्याही मोटरमनला होणार नाही.

आपण म्हणाल, आणि योग्यच म्हणाल, की यासाठीच तर कवच ही गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा आहे. ४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबाद विभागातल्या गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांच्या दरम्यान रेल्वेमंत्री स्वतः इंजिनात बसले होते, आणि समोरच्या इंजिनापासून ३८० मीटरवर कवचने गाडी थांबवली. सप्टेंबर २०२४ मध्ये सवाई माधोपूरजवळच्या चाचणीतही मंत्री इंजिनात होते. लोको पायलटने लाल सिग्नलसाठी ब्रेक लावले नाहीत आणि कवचने गाडी सिग्नलच्या ५० मीटर अलीकडे उभी केली. या यंत्राच्या गुणवत्तेविषयी माझ्या मनात शंका नाही. भारतीय अभियंत्यांनी भारतीय गाड्यांसाठी घडवलेली ही यंत्रणा आहे, आणि दांड्यापेक्षा ती पुष्कळ पुढची आहे. सिग्नल ओलांडण्याची वाट न पाहता ती आधीच वेग उतरवते. शंका आहे ती क्रमाविषयी. दक्षिण मध्य रेल्वेवर १४६५ किलोमीटर झाल्यानंतर पुढचा मोठा जोर दिल्ली–मुंबई आणि दिल्ली–हावडा या सुमारे तीन हजार किलोमीटरच्या दोन मार्गांवर आहे. जुलै २०२५ मध्ये मथुरा–कोटा हा ३२४ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. देशाचे जाळे ६८ हजार किलोमीटरहून मोठे आहे. वेगवान आणि प्रतिष्ठेच्या मार्गांचा नंबर आधी लागतो आणि रंगापानी, कंटकापल्ली, बिलासपूर यांचा नंतर, असा हा क्रम आहे. दोन्ही मोठ्या मार्गांवर वेग वाढणार म्हणून तिथे कवच हवेच. पण धोका वेगाने वाढतो तसा दाटीनेही वाढतो, आणि गेल्या काही वर्षांत माणसे मेली ती दाटीच्या मार्गांवर.

उशिराची किंमत काय असते, याचा इतिहास महाराष्ट्र आणि गोव्याला जवळून माहीत आहे. कोकण रेल्वेने नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून टक्कररोधक यंत्र विकसित केले, ते ईशान्य सीमांत रेल्वेच्या सतराशेहून अधिक किलोमीटर मार्गावर बसवले गेले. त्याची मर्यादा अशी होती, की ते सिग्नलशी जोडलेले नव्हते आणि उपग्रहाच्या आधारे शेजारशेजारचे रूळ खात्रीने वेगळे ओळखणे त्याला जड गेले. तो प्रयोग मागे पडला. दिल्ली–आग्रा आणि चेन्नईच्या उपनगरी मार्गावर युरोपीय धर्तीची यंत्रणा आली, ती तेवढ्यापुरतीच राहिली. २०१२ मध्ये डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९ हजार किलोमीटर मुख्य मार्गांवर पाच वर्षांत प्रगत सिग्नल यंत्रणा बसवावी असे सांगितले आणि तिचा खर्च २० हजार कोटी रुपये धरला. तीही शिफारस कागदावरच राहिली. मुंबईचे चुंबक, कोकणचे यंत्र, युरोपीय यंत्रणा आणि आता कवच. दर वेळी नवे यंत्र आधीच्यापेक्षा चांगले होते, आणि दर वेळी नव्याची वाट पाहताना जुने पसरायचे थांबले. ब्रिटनमध्ये नेमका उलटा निर्णय झाला. पूर्ण यंत्रणा महाग आणि लांबची होती, म्हणून त्यांनी साधी यंत्रणा निवडली. ती सगळ्या सिग्नलांवर बसवली नाही, तर प्रामुख्याने जंक्शनचे रक्षण करणाऱ्या आणि जिथे टकरीचा संभव मोठा अशा सिग्नलांवर बसवली, आणि २००३ च्या अखेरीस ते काम पुरे केले. अमेरिकेत २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चॅट्सवर्थ इथे लाल सिग्नल ओलांडून २५ जण मेल्यावर संसदेने कायदाच केला. प्रवासी गाड्या आणि विषारी रसायने जिथून जातात ते मार्ग आधी, असे त्या कायद्यातच लिहिले होते. मुदत पाच वर्षांनी सरकली, तरी २०२० च्या अखेरीस सुमारे ९२ हजार किलोमीटरचे काम झाले. जाळे मोठे आहे म्हणून जमत नाही, हे म्हणणे त्या आकड्यापुढे टिकत नाही.

खर्चाचे बोलायचे तर आपल्याच मंत्रालयाने दिलेला दर किलोमीटरला ५० लाख रुपये आणि इंजिनाला ८० लाख रुपये असा आहे. स्वयंचलित सिग्नलचे मार्ग पाच हजार किलोमीटर धरले तर रुळाकडचा खर्च २५०० कोटी होतो. रेल्वेचा वर्षाचा भांडवली खर्च अडीच लाख कोटींच्या घरात आहे, म्हणजे ही रक्कम त्याच्या एक टक्का. दहा हजार इंजिनांचे आठ हजार कोटी वेगळे, पण तो खर्च कोणत्याही क्रमाने काम केले तरी टळणारा नाही. उलट इंजिनेच आधी सजवावी लागतील, कारण इंजिन आज बिलासपूरला तर उद्या भुसावळला असते आणि ज्या इंजिनात यंत्र नाही त्याच्यासाठी रुळाकडची सगळी यंत्रणा मुकी आहे. मुंबईत हे तुलनेने सोपे गेले, कारण लोकलचे डबे तिथल्या तिथे फिरतात. मालगाड्यांच्या इंजिनांना यादीत मागे ठेवणेही परवडणारे नाही. रंगापानीत धडक देणारी गाडी मालगाडीच होती.

लोखंडी दांडाच सगळीकडे उभा करा, असे मी सुचवत नाही. तो शहरी मार्गांचा सोबती आहे, जिथे एकाच मापाच्या गाड्या मर्यादित वेगाने फिरतात. नाना तऱ्हेची इंजिने आणि वाघिणी धावणाऱ्या, धुळीच्या, पुराच्या, गुरेढोरे ओलांडणाऱ्या उघड्या मार्गावर तो टिकणार नाही. त्याच्यातले तत्त्व घ्यायचे आहे, आणि ते आज रेडिओने आणि रुळातल्या खुणांनी पाळता येते. तसेच हे यंत्र प्रत्येक अपघात टाळील असाही दावा नाही. २ जून २०२३ ला बालासोरजवळ बाहानगा बाजार इथे सिग्नलच्या जोडणीतच चूक झाली होती आणि गाडीला हिरवा दिवा दाखवून भलत्या मार्गावर नेले गेले. लाल दिव्यावर थांबवणारे यंत्र हिरव्या दिव्याचा खोटेपणा पकडू शकत नाही. त्याचा इलाज सिग्नलच्या देखभालीत आहे. पण एका रोगावर औषध चालत नाही म्हणून दुसऱ्या रोग्याला ते नाकारता येणार नाही. विनाकारण ब्रेक लागून गाड्या खोळंबतील हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि सुरुवातीला तसे होईलही. तीन मिनिटांच्या अंतराने लोकल चालवणाऱ्या मुंबईने तो खोळंबा सोसूनच यंत्रणा चालवली आहे.

सर्वांत जास्त लक्ष हवे ते अपवादांकडे, कारण माणसे मरतात ती बहुतेक अपवादाच्या वेळी. १९ सप्टेंबर १९९७ रोजी लंडनजवळ साउथॉल इथे एका वेगवान गाडीने लाल सिग्नल ओलांडला आणि सात जण मेले. त्या गाडीतली इशारा यंत्रणा बिघडली म्हणून बंद करून ठेवलेली होती, आणि थांबवणारी यंत्रणा गाडीत असूनही चालू केलेली नव्हती. ९ फेब्रुवारी २०१६ रोजी जर्मनीत बाड आयब्लिंग इथे यंत्रणा शाबूत होती, पण नियंत्रकाने खास सिग्नल देऊन गाडी पुढे सोडली. एकेरी मार्गावर समोरासमोर टक्कर होऊन १२ जण गेले. रंगापानीची सकाळ याच जातीची होती. पहाटेपासून स्वयंचलित सिग्नल बिघडलेले होते आणि लाल दिवे ओलांडण्याची लेखी परवानगी गाड्यांना दिली जात होती. नियम सांगतो, की स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटे थांबावे आणि मग नजर ठेवत ताशी १५ किलोमीटरने, दिसत नसेल तर १० किलोमीटरने पुढे जावे. त्या सकाळी वेगवेगळ्या लोको पायलटांनी वेगवेगळा वेग धरला, कारण हातातल्या कागदावरून किती वेगाने जायचे हे सगळ्यांना सारखे कळलेले नव्हते. रेल्वे सुरक्षा आयुक्तांनी त्या चौकशीत कवचला सर्वोच्च प्राधान्य देण्याची शिफारस केली. लंडनच्या भुयारी रेल्वेत दांड्याने थांबवलेली गाडी पुन्हा निघाली की पहिली काही मिनिटे यंत्रच तिला रांगत्या वेगापलीकडे जाऊ देत नाही. कागदावर लिहिलेली वेगमर्यादा आणि यंत्राने पाळायला लावलेली वेगमर्यादा यांतले अंतर रंगापानीत माणसांच्या जिवाने मोजले गेले.

म्हणून, मंत्रिमहोदय, तीन गोष्टींची तारीख आपल्याकडून हवी आहे. पहिली, आज स्वयंचलित सिग्नल असलेल्या प्रत्येक मार्गाची यादी, त्यासमोर कवच सुरू होण्याचा महिना, आणि ती यादी संसदेच्या पटलावर. दुसरी, नव्या मार्गावर स्वयंचलित सिग्नल सुरू करायला रेल्वे सुरक्षा आयुक्तांची जी मंजुरी लागते, तिच्यात गाडी थांबवणारी यंत्रणा चालू असल्याची अट घालणारा आदेश. जिथे सिग्नल आधीच लागले आहेत आणि कवचला वेळ आहे, तिथे सिग्नल बिघडताच गाड्या जुन्या पद्धतीने, दोन स्थानकांमध्ये एकच, अशा सोडाव्यात. उशीर होईल, तो प्रवाशांना कारणासह सांगावा. तिसरी, दर तिमाहीला जाहीर होणारा तक्ता, ज्यात कोणता सिग्नल किती वेळा धोक्यावर असताना ओलांडला गेला आणि किती गाड्या यंत्रणा बंद ठेवून धावल्या, हे विभागवार असेल. चालकांची नावे त्यात नकोत, सिग्नलांचे क्रमांक हवेत. यांतल्या पहिल्या गोष्टीला पैसा लागेल, दुसरीला निर्धार लागेल, आणि तिसरीसाठी लागणारी माहिती प्रत्येक विभागाच्या नोंदवह्यांत आजच असते. तिसरीपासून सुरुवात करायला पुढच्या अर्थसंकल्पाची वाट पाहण्याचे कारण नाही.

कळावे,
आपला,
एक रेल्वे प्रवासी